तंजावरचा सेनापती मानोजी: पराक्रम, शपथभंग आणि उत्तरायुष्य

तंजावरच्या जुन्या वस्तीत मानोजियप्पा वीदी या नावाचा एक रस्ता आहे, आणि शहराला लागून मानोजीपट्टी नावाचा भाग आहे. अठराव्या शतकातील कर्नाटकाच्या युद्धांचा थोडासा परिचय असलेल्या वाचकाला हे नाव ऐकताच तंजावरच्या भोसल्यांचा सेनापती मानोजी आठवतो. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्याचे नाव ‘मोनॅकजी’च्या वळणाने लिहिले, तमिळ उच्चारात त्याला ‘अप्पा’ हे आदरार्थी पद चिकटले, आणि मराठी वाचकाच्या वाट्याला तो जवळजवळ आलाच नाही. पेशवाईच्या इतिहासात तो बसत नाही, कारण तो सातारा-पुण्याचा चाकर नव्हता. तमिळ प्रदेशाच्या इतिहासात तो परका ठरतो, कारण त्याचा दरबार मराठी होता. राहिला तो इंग्रजांचा इतिहास. तेथे तो आहे, परंतु इंग्रजांना त्याची गरज होती तेवढ्यापुरताच आहे.

प्रस्तुत निबंधात मानोजीच्या लष्करी कारकिर्दीचा आणि तिच्या नंतरच्या कीर्तीचा विचार करावयाचा आहे. सेनापतीचे युद्धातील आयुष्य आणि त्या आयुष्याची पुढे झालेली मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली रणांगणावर घडते, दुसरी कागदावर. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला दुसरीत अधिक रस असणे स्वाभाविक आहे. मात्र पहिलीचा तपशील हाती घेतल्याशिवाय दुसरीसंबंधी बोलणे हवेत बोलण्यासारखे होईल. म्हणून आधी घटना.

तंजावरचे भोसले घराणे व्यंकोजीपासून सुरू झाले. तुकोजी १७३६ मध्ये वारल्यावर तीनच वर्षांत तीन सत्ताधारी आले आणि गेले, आणि १७३९ मध्ये प्रतापसिंह गादीवर आला. त्याने १७६३ पर्यंत राज्य केले. कावेरीच्या कालव्यांवर पोसलेले हे राज्य सुपीक आणि म्हणूनच सर्वांच्या डोळ्यांत भरणारे होते. अर्काटचा नवाब त्याच्याकडे खंडणी मागे, म्हैसूरचे लक्ष शेजारच्या त्रिचनापल्लीवर असे, किनाऱ्यावर डच, डेन, फ्रेंच आणि इंग्रज आपापल्या वखारींसाठी जागा मागत. १७४९ मध्ये इंग्रजांनी पदच्युत शहाजीचा कैवार घेण्याचे निमित्त करून देवीकोट्टै घेतले आणि ते हाती येताच त्या शहाजीला विसरून प्रतापसिंहाशी तह केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंबूरच्या लढाईत नवाब अन्वरुद्दीन पडला, आणि त्याचा मुलगा महंमद अली व फ्रेंचांच्या पाठबळावर उभा असलेला चंदासाहेब यांच्यात अर्काटच्या मसनदीसाठी युद्ध जुंपले.

या चंदासाहेबाशी तंजावरचे वैर जुने होते. १७३६ मध्ये त्याने मदुरेच्या नायकांची शेवटची राणी मीनाक्षी हिच्याकडून त्रिचनापल्ली बळकावली. तिला अभय देताना त्याने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, परंतु रेशमी वस्त्राखाली कुराणाऐवजी वीट होती, अशी आख्यायिका त्या प्रदेशात सांगितली जाते. राणीने पुढे आत्महत्या केली. त्रिचनापल्ली हाती आल्यावर तंजावरवर दडपण आणणे त्याला सोपे झाले. १७४१ मध्ये रघूजी भोसल्याने त्रिचनापल्ली घेऊन त्याला कैद केले आणि साताऱ्यास नेले, तेव्हा तंजावरने सुटकेचा श्वास टाकला असेल. पण १७४८ च्या सुमारास तो सुटून परतला, आणि १७४९ च्या अखेरीस फ्रेंच फौज घेऊन थेट तंजावरच्या कोटाखाली येऊन बसला. प्रतापसिंहाने वाटाघाटींत दिवस घालवले, सत्तर लाखांचा करार लिहून दिला, थोडी रक्कम चुकती केली आणि नासिरजंगाची फौज येईपर्यंत तग धरला. तो कागद मात्र नष्ट झाला नाही. आठ वर्षांनी तो पुन्हा तंजावरच्या दाराशी आला.

मानोजीची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. १७५१ मध्ये चंदासाहेब आणि फ्रेंच यांनी महंमद अलीला त्रिचनापल्लीत कोंडले. क्लाइव्हने अर्काट घेऊन टिकवले तसे पारडे हलू लागले आणि आतापर्यंत कुंपणावर बसलेले एकेक मित्र पुढे आले. म्हैसूरचा नंजराज आला, गुत्तीचा मुरारराव घोरपडे आपले घोडदळ घेऊन आला, पुदुकोट्टैचा तोंडैमान आला. प्रतापसिंहाने तीन हजार घोडे आणि दोन हजार पायदळ पाठवले. त्यांचा सेनापती मानोजी होता.

१७५२ च्या वसंतात मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स त्रिचनापल्लीत येऊन पोहोचताच फ्रेंच सेनानी जॅक लॉ दक्षिण तीर सोडून श्रीरंगमच्या बेटावर मागे सरला. (हा लॉ म्हणजे फ्रान्सची तिजोरी कागदी चलनाने बुडवणाऱ्या जॉन लॉचा पुतण्या. कागदी भरवशावर विसंबण्याची सवय कुळातच असावी.) कावेरी आणि कोल्लिडम यांच्या मधले ते बेट वरवर पाहता सुरक्षित, परंतु वाटा रोखल्या की तोच सापळा. त्या वाटा रोखण्यात मानोजीचा वाटा मोठा होता. एप्रिलमध्ये त्याने बेटाच्या पूर्वेकडील कोयिलडीचे ठाणे घेतले. तंजावरच्या बाजूने येणारी रसद त्यामुळे तुटली. उत्तरेला क्लाइव्ह होता. मदतीस येणाऱ्या द’ओत्युलला त्याने वलिकंडापुरम येथे शरण आणले. आता जंबुकेश्वराच्या देवळात लॉ आणि श्रीरंगनाथाच्या देवळात चंदासाहेब, अशी स्थिती झाली. चंदासाहेबाचे सैनिक त्याला सोडून जाऊ लागले.

यानंतर जे घडले त्यावर मानोजीचे नाव कायमचे कोरले गेले. ऑर्मचे कथन थोडक्यात असे: लॉ याला स्वतःच्या शरणागतीपेक्षा चंदासाहेबाच्या जिवाची चिंता अधिक होती. इंग्रजांकडे त्याला सोपवणे म्हणजे महंमद अलीकडे सोपवणे. मुरारराव आणि म्हैसूरकर यांच्यावर विश्वास टाकणे अशक्य. मानोजीचे तंजावरच्या प्रधानाशी उघड वैर होते, म्हणून पैशाच्या आणि भावी लाभाच्या आशेने तो वश होईल, असे चंदासाहेबाला वाटले. काही रक्कम रोख दिली गेली, अधिक देण्याचे वचन झाले. मानोजीने आपली तलवार आणि कट्यार यांवर हात ठेवून शपथ घेतली की, त्याला सुखरूप फ्रेंच वसाहतीत पोहोचवू. पालखी आणि स्वारांचा पहारा तयार ठेवलेला एका फ्रेंच अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिला. रात्री चंदासाहेब नदी ओलांडून मानोजीच्या छावणीत आला आणि येताच त्याच्या पायांत बेड्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी लॉरेन्सच्या तंबूत बैठक झाली. नवाबाला कैदी हवा होता, म्हैसूरकरांना हवा होता, मुराररावाला हवा होता. प्रत्येकाने मानोजीला आमिष दाखवले आणि प्रत्येकाने धमकीही दिली. लॉरेन्सने कैदी इंग्रजांच्या ठाण्यात ठेवावा असे सुचवले. ते कोणालाच रुचले नाही. बैठक निर्णयाविना उठली. काही दिवसांतच लॉ शरण आला. सातशेहून अधिक युरोपियन सैनिक, दोन हजार शिपाई आणि चाळीसहून अधिक तोफा विजेत्यांच्या हाती लागल्या. त्याच सुमारास मानोजीच्या आज्ञेने त्याच्या पदरच्या एका पठाणाने आजारी, अंथरुणावर पडलेल्या चंदासाहेबाला भोसकून त्याचे शिर कापले. ते शिर महंमद अलीकडे गेले. आपल्या प्रतिस्पर्ध्याचा चेहरा त्याने तेव्हाच प्रथम पाहिला, असे ऑर्म म्हणतो. उंटाच्या गळ्यात बांधून ते त्रिचनापल्लीच्या तटाभोवती पाच वेळा फिरवण्यात आले.

इंग्रजी कागदांत या घटना जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि फ्रेंच कागदांत दुसऱ्या आठवड्यातल्या आहेत. इंग्रजांनी जुनी दिनदर्शिका १७५२ च्या सप्टेंबरात सोडली, तोवर दोन राष्ट्रांच्या तारखांत अकरा दिवसांचे अंतर असे. एकाच मृत्यूला दोन तारखा असणे ही बाब तांत्रिक आहे. परंतु या मृत्यूचे कर्तृत्वही असेच भाषेगणिक सरकत जाते, हे त्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

द्यूप्लेने हत्येचा दोष इंग्रजांवर, विशेषतः लॉरेन्सवर ठेवला. लॉरेन्सचे स्वतःचे निवेदन केंब्रिजच्या १७६१ च्या ग्रंथात छापले गेले, आणि १७६३ मध्ये ऑर्मचा पहिला खंड आला. ऑर्म १७५४ पासून मद्रासच्या कौन्सिलात होता. त्याला कागदही उपलब्ध होते आणि माणसेही. त्याच्या कथनात दोष मानोजीकडे जातो, परंतु एका समजूतदार कारणासह: कैदी जिवंत राहिला तर मित्रांतच युद्ध पेटेल, हे त्याने ओळखले आणि वादाचे मूळच छाटून टाकले. विल्क्स आणि जेम्स मिल यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. लॉरेन्सला हत्या टाळता आली असती आणि त्याने उदासीनता दाखवली, यावर त्यांनी बोट ठेवले. मेकॉलेने १८४० च्या क्लाइव्हवरील निबंधात सारे एका वाक्यात आटोपले. चंदासाहेब मराठ्यांच्या हाती लागला आणि बहुधा महंमद अलीच्या चिथावणीने मारला गेला, असा त्या वाक्याचा आशय. मानोजीचे नाव तेथे नाही.

मेकॉलेचा ‘मराठे’ हा शब्द येथे थांबून पाहण्याजोगा आहे. ऑर्मच्या ग्रंथात मुराररावाचे स्वार हे ‘मोरॅटो’ आहेत आणि मानोजीचे स्वार ‘टँजोरीन’. तंजावरचा राजा वंशाने मराठा, हे ऑर्मला ठाऊक होते. तरी युद्धाच्या वर्णनात त्याने हे दोन शब्द कसोशीने वेगळे राखले, कारण रणांगणावर ते वेगळेच होते. मेकॉलेच्या घाईत तो भेद पुसला गेला, आणि मराठे म्हणजे लुटारू आणि विश्वासघातकी ही तोवर रूढ झालेली प्रतिमा मानोजीच्या जागी येऊन बसली. मराठीत लिहिणाऱ्यांनीही हा भेद उलट दिशेने पुसला आहे. तंजावर म्हणजे महाराष्ट्राची दूरची शाखा, असे मानून तेथील प्रत्येक पराक्रम आपल्या खात्यावर मांडण्याची सवय आपल्याला आहे. मानोजीच्या तलवारीखाली पुढे जे सर्वाधिक लोक पडले त्यांत मराठी स्वार होते, हे त्या हिशेबात बसत नाही.

ही गोष्ट १७५४ ची. लॉ शरण आल्यानंतर मित्रांची फळी फुटली, कारण त्रिचनापल्ली म्हैसूरला देण्याचे गुप्त वचन महंमद अलीने दिले होते आणि आता तो ते पाळीना. नंजराज आणि मुरारराव फ्रेंचांकडे वळले. तंजावरचा दरबार दोलायमान झाला. प्रधान सखोजी म्हैसूर आणि फ्रेंच यांच्या बाजूला झुकलेला होता, आणि इंग्रजांचा मित्र म्हणून ओळखला जाणारा मानोजी त्याला डोळ्यांसमोर नको होता. प्रतापसिंह स्वतः दोन्ही बाजूंना हात राखून होता, आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणी वेगळे केले असते असे मला वाटत नाही. १७५४ च्या आरंभी मुराररावाच्या सुमारे बाराशे स्वारांची एक टोळी तंजावरच्या मुलखात घुसून किनाऱ्यापर्यंत लूट करीत गेली. नद्यांना पाणी असताना त्या फाट्यांच्या प्रदेशात परतीची वाट शोधणे परक्या घोडदळाला कठीण असते. मानोजीने ती वाट अडवली आणि टोळी जवळजवळ पूर्ण कापून काढली. ऑर्मच्या वर्णनानुसार जिवंत हाती लागलेल्यांचीही गय झाली नाही.

एवढ्या विजयानंतर सेनापतीचा मान वाढावा, झाले उलटेच. सखोजीने राजाच्या मनात संशय भरवला, मानोजीकडून सेनापतिपद काढले गेले आणि ते राजाच्या चुलत्याला, गाडेरावाला, देण्यात आले. गाडेरावाची परीक्षा फार दिवस लांबली नाही. मे महिन्यात मुराररावाने त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि त्याच सुमारास शत्रूने कोयिलडीजवळचा कावेरीचा बांध फोडला. कावेरीचे पात्र कोल्लिडमपेक्षा उंच आहे. तो बांध फुटला की पाणी कोल्लिडममध्ये उतरते आणि तंजावरची शेते कोरडी पडतात. राज्याचा प्राणच त्या मातीच्या भिंतीत होता. मग मद्रासहून आलेल्या रॉबर्ट पॉकची शिष्टाई यशस्वी झाली, सखोजी बाजूला पडला आणि मानोजीला पुन्हा बोलावण्यात आले.

सेनापतीला काढणे आणि संकट आले की परत बोलावणे, हा क्रम वाचताना विसाव्या शतकातील एक उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. जर्मनीचा रणगाडा-सेनापती हाइन्ट्स गुडेरियान याने मे १९४० मध्ये सेदाँजवळ म्यूज नदी ओलांडून फ्रान्सचा पराभव काही दिवसांत निश्चित केला. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोपुढे माघारीच्या प्रश्नावर वरिष्ठांशी आणि हिटलरशी बिनसल्याने त्याला काढण्यात आले. स्टालिनग्राडनंतर, मार्च १९४३ मध्ये, रणगाडादलाचा महानिरीक्षक म्हणून तो परत आला; जुलै १९४४ च्या कटानंतर सेनाप्रमुखाचे काम त्याच्याकडे आले; मार्च १९४५ मध्ये तो पुन्हा घरी गेला. जून १९४८ पर्यंत तो अमेरिकनांच्या कैदेत होता. १९५१ मध्ये त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि १९५४ मध्ये तो वारला.

ही तुलना फार ताणू नये. गुडेरियान ज्या राज्यसत्तेचा सेवक होता तिच्या संहाराची मोजदाद लाखांत होते. मानोजीच्या माथी एका वृद्ध कैद्याची हत्या आणि त्या काळच्या लढायांतले क्रौर्य आहे. तुलनेचा विषय पाप-पुण्याचा नसून कीर्तीच्या घडणीचा आहे, आणि तेथे गुडेरियानचे उदाहरण फार उपयोगी पडते. त्याचे उत्तरायुष्य हे मुख्यतः लेखनाचे आयुष्य होते. त्या लेखनात युद्धाचे तंत्र विस्ताराने येते, हिटलरच्या हट्टाची तक्रार पानोपानी येते. मात्र त्याला हिटलरकडून मिळालेली पोलंडमधील जहागीर, किंवा कटातल्या अधिकाऱ्यांना सैन्यातून बडतर्फ करून जल्लादाकडे पाठवणाऱ्या मानन्यायालयातील त्याचे स्थान, यांवरून लेखणी हलकेच सरकते. इंग्रज लष्करी लेखक लिडेल हार्ट याने कैदेतील जर्मन सेनापतींशी बोलून १९४८ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यांना बुद्धिमान, व्यवसायनिष्ठ, हिटलरने बिघडवलेले योद्धे म्हणून जगापुढे मांडले. त्याची परतफेडही झाली. गुडेरियानच्या आठवणींच्या १९५२ च्या इंग्रजी आवृत्तीत रणगाडायुद्धाच्या कल्पनेचे श्रेय लिडेल हार्टला देणारा एक परिच्छेद आहे, जो मूळ जर्मन पुस्तकात नाही. तो लिडेल हार्टच्याच सूचनेवरून घातला गेला, हे पुढे पत्रव्यवहारावरून उघड झाले. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

ऑर्म आणि मानोजी यांचा संबंध या जोडीशी ताडून पाहिला की एक साम्य आणि एक मोठा फरक दिसतो. साम्य असे की, पराभूत किंवा परक्या पक्षातील सेनापतीची कीर्ती दोन्हीकडे इंग्रज लेखकाच्या लेखणीतून घडली, आणि त्या लेखणीला स्वतःच्या गरजा होत्या. तंजावरच्या दरबारातील माणसांविषयी लिहिताना ऑर्मची मोजपट्टी एकच आहे: इंग्रजांना उपयोग किती. त्या मोजपट्टीवर सखोजी कारस्थानी ठरतो, गाडेराव भित्रा ठरतो आणि मानोजी समर्थ ठरतो. सखोजीच्या धोरणात काही तथ्य असू शकेल, इंग्रजांच्या मैत्रीत तंजावरचा विनाश आहे हे त्याने कदाचित आधीच ओळखले असेल, ही शक्यता ऑर्मच्या पानावर उद्भवतच नाही. १७७३ मध्ये इंग्रजांनीच नवाबासाठी तंजावर जिंकून राजा तुळजाजीला कैद केले आणि १७९९ मध्ये सरफोजीकडून राज्य लिहून घेतले, हे लक्षात घेतले तर सखोजीकडे एकदा नव्याने पाहावयास हवे.

फरक हा की मानोजीच्या हातचे आत्मवृत्त आपल्यासमोर नाही. त्या श्रीरंगमच्या रात्रीविषयी त्याची बाजू त्याच्या शब्दांत येत नाही. शपथ घेताना ती मोडण्याचे त्याच्या मनात होते, की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीतील धमक्यांनी ती मोडली? ऑर्म पहिल्या शक्यतेकडे झुकतो, कारण बेड्या त्याच रात्री पडल्या. पण सेनापती राजाचा चाकर असतो. प्रतापसिंहाला विचारल्याशिवाय मानोजीने एवढा मोठा कैदी सोडला असता, तर तंजावरात त्याचेच डोके जागेवर राहिले नसते. सखोजी त्याच क्षणाची वाट पाहत होता. कैदी ठेवणेही शक्य नव्हते, कारण बाजूला नवाब, म्हैसूर आणि मुरारराव यांच्या फौजा होत्या. या कोंडीतून सुटण्याची जी वाट त्याने निवडली ती नीच होती यात शंका नाही. मात्र ती कोंडी त्याने एकट्याने निर्माण केली नव्हती, आणि तंबूतल्या बैठकीतून उठून गेलेल्या इतर तिघांना परिणामाची कल्पना नव्हती, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

मराठीतले मोठे साधन म्हणजे बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवरील भोसले वंशचरित्र. सरफोजीच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी रचलेले हे चरित्र १८०३ मध्ये कोरले गेले, म्हणजे घटनेनंतर अर्धशतकाने आणि राज्य कंपनीच्या हाती गेल्यानंतर चार वर्षांनी. वंशचरित्र हा प्रकार असा की त्यात क्रियापदाचा कर्ता नेहमी राजा असतो; सेनापती हा त्याचा हात. ऑर्मच्या ग्रंथात मानोजी हा इंग्रजांचा मित्र, भिंतीवर तो राजाचा सेवक, मेकॉलेच्या वाक्यात तो निनावी मराठा. तीनही ठिकाणी त्याला स्वतःचे असे व्यक्तित्व नाही. यांपैकी एकच साधन घेऊन त्याचे चरित्र लिहू पाहणारा अभ्यासक त्या साधनाच्या प्रकारालाच चरित्र समजण्याची चूक करील.

दरम्यान लोकपरंपरेने आपला निवाडा दिला होता. चंदासाहेबाचा वध नदीच्या दक्षिण तीरावरील ज्या दळवाय मंडपात झाला, त्याच मंडपात सोळा वर्षांपूर्वी त्याने मीनाक्षी राणीला विटेवरची खोटी शपथ दिली होती, असे सांगतात. या योगायोगाची नोंद इंग्रज लेखकांनीही घेतली. जागा एकच होती की नव्हती, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. कथा इतकी घट्ट बसते तेव्हा ती कोणीतरी बसवलेली असते. राणीचा शाप, शपथेला शपथ, मंडपाला मंडप: येथे मानोजी हा दोषी राहत नाही, तो दैवाच्या हातातील कट्यार होतो. ज्या प्रदेशाने चंदासाहेबाची स्वारी सोसली होती त्याने आपल्या सेनापतीला दिलेली ही क्षमा आहे, आणि तीही दुसऱ्या राज्यातल्या, तेलुगू वंशाच्या राणीच्या आधारे. तंजावरच्या मराठी दरबाराची स्मृती नायकांच्या स्मृतीत अशी मिसळून गेलेली आढळते. महाराष्ट्रातून पाहणाऱ्याला हे मिश्रण सहसा दिसत नाही.

कारकिर्दीचा शेवटचा मोठा प्रसंग १७५८ चा. फ्रान्सहून आलेला काउंट द लाली याला पैशाची अत्यंत निकड होती, आणि पाँडिचेरीच्या दप्तरातून १७५० च्या कराराचा तो जुना कागद बाहेर निघाला. छप्पन्न लाख बाकी! लाली कारिकलमार्गे निघाला. नागूरच्या लुटीचा मक्ता त्याने आपल्या हुसार पथकाच्या फिशर नावाच्या कर्नलला दोन लाख रुपयांना देऊ केला. नावावरून तो जर्मन दिसतो. किवळूरच्या देवळात खजिन्यासाठी तळी खणली आणि हेर म्हणून सहा ब्राह्मणांना तोफेच्या तोंडी दिले. हे क्रौर्य त्याला महाग पडले, कारण त्यानंतर त्या मुलखात त्याला धान्य आणि बैल मिळेनासे झाले. प्रतापसिंहाने १७५० चीच युक्ती पुन्हा वापरली: बोलणी, थोडी रक्कम, पुन्हा बोलणी. ऑगस्टच्या आरंभी तोफा डागल्या गेल्या. तटाला भगदाड पडत आले असतानाच फ्रेंच आरमार समुद्रावर पराभूत झाल्याची वार्ता आली. दारूगोळाही संपत आला होता. दहा ऑगस्टच्या पहाटे, लाली उठण्याच्या तयारीत असताना, पन्नासएक स्वार चाकरी मागण्याच्या मिषाने त्याच्यापाशी आले आणि त्यांच्या म्होरक्याने त्याच्यावर वार केला. तो थोडक्यात वाचला. त्याच वेळी मानोजी आपल्या सैन्यानिशी कोटाबाहेर पडला. हल्ला परतवला गेला, पण उपाशी फ्रेंच सैन्याला कारिकलपर्यंतच्या वाटेवर तंजावरच्या घोडदळाने उसंत दिली नाही. गमतीची गोष्ट, या खेपेसही प्रारंभ खोट्या वचनाने झाला, परंतु तो कोणाला फारसा खुपला नाही. फरक एवढाच की या वेळी समोर सशस्त्र वैरी होता.

लालीचे उत्तरायुष्य मानोजीपेक्षा कितीतरी दुःखद आणि कितीतरी अधिक नोंदले गेलेले आहे. १७६१ मध्ये पाँडिचेरी पडली, तो इंग्रजांचा कैदी म्हणून लंडनला गेला, स्वतःहून फ्रान्सला परतला, बास्तीयमध्ये खितपत पडला, आपल्या बचावाची निवेदने लिहिली, आणि ९ मे १७६६ रोजी पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर व्हॉल्तेरने त्याची बाजू घेतली. १७७३ च्या त्याच्या भारतविषयक लेखनाचे एक मुख्य प्रयोजन लालीवरील अन्याय दाखवणे हे होते, आणि १७७८ मध्ये, मृत्युशय्येवर असताना, लालीचा निकाल रद्द झाल्याची बातमी त्याच्या कानी आली. तंजावरच्या तटाखाली १७५८ मध्ये समोरासमोर आलेल्या दोन सेनापतींपैकी एकाला युरोपातला सर्वांत प्रसिद्ध लेखक वकील म्हणून मिळाला. किवळूरच्या सहा ब्राह्मणांसाठी मात्र कोणी निवेदन लिहिले नाही.

त्रिचनापल्लीत नथरवलीचा दर्गा आहे. चंदासाहेबाचे शिरविरहित शरीर तेथे पुरले गेले. महंमद अली वालाजाह १७९५ मध्ये मद्रासला वारला, आणि त्यालाही पुढे त्याच आवारात आणून पुरण्यात आले. ज्यांच्या वैरापायी कर्नाटकाची दोन दशके जळाली ते दोघे आता एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. तेथून तंजावर पूर्वेला सुमारे पंचावन्न किलोमीटर. वाटेत कोयिलडीकडे जाणारा फाटा लागतो, जेथे मानोजीने ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी शत्रूने बांध फोडला. बांध पुढे दुरुस्त झाला. त्याच्या डाव्या हाताला, उतारावर, कोल्लिडमचे पात्र बहुतेक महिने वाळूचे असते.